ओल्या कचऱ्याचे वजन म्हणजे बहुतांशी पाणीच
ओला कचरा कुजवून केलेल्या कंपोस्टमुळे खत विकत घेण्याचा खर्च वाचतो, असा मुद्दा मांडला जातो. तो खरा असला, तरी माझ्या मते मोठी बचत वाहतुकीत आहे. अन्नकचऱ्याच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के पाणीच असते, म्हणजे तो दूरच्या कचराभूमीपर्यंत नेताना आपण इंधन जाळून मुख्यतः पाणीच वाहून नेत असतो. शिवाय ओला कचरा जागीच जिरवला, की कागद कोरडा राहतो आणि रद्दी म्हणून विकला जाऊ शकतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हवेचा आहे. कचऱ्याच्या डोंगराखाली प्राणवायूवाचून अन्न कुजते, तेव्हा मिथेन तयार होतो, आणि १०० वर्षांचा हिशेब धरला तर तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. म्हणूनच कंपोस्टचा ढीग वरचेवर खालीवर करणे आणि त्यात वाळलेला पाला मिसळणे अत्यावश्यक आहे. चांगला जमलेला मोठा ढीग उकरला की आतून वाफ निघते, कारण तिथले तापमान ५५ अंश सेल्सिअसच्याही वर गेलेले असते; आंबूस, कुबट वास आला, तर मात्र हवा कमी पडते आहे असे खुशाल समजावे.

कंपोस्टमध्ये नत्र थोडेच असते, त्यामुळे ते रासायनिक खताची जागा पूर्णपणे घेईल असे सांगणे मला योग्य वाटत नाही. मातीचा पोत सुधारणे आणि तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढणे, हे त्याचे खरे मोल आहे. पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या, की ते खर्चातही दिसू लागते.