छोट्या जोड्या पहिल्या जागेवरून खेळाव्यात का? मदत हवी आहे

मंडळी, नो-लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. नऊ जणांचं टेबल, ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) ५०-१००, बहुतेकांकडे दहा हजारांच्या चिप्स. हातात दुर्री ते छक्कीपैकी एखादी जोडी.

फ्लॉपवर (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) सेट, म्हणजे जोडीला तिसरा तसाच पत्ता लागण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणून कॉलच्या (समोरच्याच्या बोलीएवढी रक्कम भरण्याच्या) निदान १५-२० पट चिप्स समोरच्याकडे असाव्यात, हा नियम मी पाळतो. दुसऱ्याने ३०० केले आणि मी बटनवर (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणारी जागा) असलो, तर डोकं खाजवावं लागत नाही. कॉल.

अडतं ते पहिल्या जागेवर, जिथे ब्लाइंडनंतर सर्वांत आधी बोलावं लागतं. मी ३०० ने उघडतो (पहिली वाढीव बोली लावतो), मागून कोणीतरी १००० करतो. आता आणखी ७०० भरायचे आणि मागे उरतात ९०००, म्हणजे तेरा पटही नाहीत. शिवाय सेट लागला तरी समोरचा सगळ्या चिप्स देईलच असं थोडंच आहे! त्याच्याकडे एक्का-राजा असेल आणि फ्लॉप कोरडा गेला, तर तो निमूट पत्ते टाकून मोकळा होतो. मग अशा आक्रमक टेबलावर चौकीची जोडी आधीच फेकावी का?

दुसरं, बटनवरून कॉल केलाय, हातात पंजीची जोडी, फ्लॉप नव्वी-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. समोरून अर्ध्या पॉटची (टेबलावर जमलेल्या चिप्सच्या निम्मी) बेट. सेट नाही म्हणून लगेच सोडता, की एक कॉल करून टर्न (चौथा सामाईक पत्ता) पाहता? मला इथे सोडायला जिवावर येतं.

तुम्ही कोणत्या जोडीपासून पहिल्या जागेवरून उघडता, तेही सांगा.