मदत हवी आहे : मुलीला फिट आली, शाळेत कसं सांगू?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. मुलगी 9 वर्षांची. मागच्या मंगळवारी मी डबा भरत होते, ही वेणी घालून घ्यायला बसलेली. कंगवा हातातून गळाला आणि अंग ताठ. मग झटके, तोंडाला फेस. दोनच मिनिटं असतील, मला तासभर वाटली.

शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या (नाशकात त्याला काय तोटा!), सासूबाई दातांत चमचा घालायला निघाल्या. डॉक्टर नंतर म्हणाले, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. 5 मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

ताप नव्हता. एमआरआय नॉर्मल, ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) दोष दिसला, गोळी सुरू केली. त्यांनी विचारलं, मधेच टक लावून बसते का? तेव्हा चमकले. पाढे म्हणताना ती काही सेकंद थांबायची आणि मी 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून रागवायचे. तीसुद्धा फिटच असू शकते म्हणे.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना हे आहे का? वर्गात बाईंना काय नि किती सांगितलंत? पोहायला पाठवता का? नाशिकरोड किंवा गंगापूर रोडकडे फक्त लहान मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट कुणी आहेत का? आणि सासूबाईंना 'बाहेरचं काही नाही' हे कसं पटवलंत, तेही सांगा.