आईसाठी हलका लॅपटॉप हवाय, ती कामासाठी सारखी फिरतीवर असते

प्रश्न

नमस्कार मंडळी, आईसाठी लॅपटॉप बघतोय. वय ५८, स्वतःचा व्यवसाय आहे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. आत्ताचा १५ इंची आहे, चार्जर धरून अडीच किलोच्या वर जातो आणि तिचा खांदा दुखतोय हे दिसतं पण ती बोलत नाही, म्हणून मीच मनावर घेतलंय. काम म्हणजे मेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल, क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आणि ब्राउझरमध्ये कायम ढीगभर टॅब उघडे. हलका हवा पण तकलादू नको. मॅकबुक एअर घेऊ की विंडोजवालाच? आणि किती इंची?

प्रतिसाद १

कंपनी जे वजन सांगते ते नुसत्या लॅपटॉपचं असतं, खांद्यावर मात्र चार्जर, माऊस, ॲडॅप्टर सगळंच येतं. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलो आहे, थिंकपॅड एक्स१ कार्बन १.१ किलोच्या आसपास, एलजी ग्रामची १४ इंची मॉडेल्स साधारण एक किलो. यांच्यातला फरक शे-दोनशे ग्रॅमचा, आणि तेवढं वजन तर नुसता चार्जर बदलून कमी होतं. म्हणून यूएसबी-सीवर चार्ज होणाराच घ्या आणि सोबत ६५ वॉटचा छोटा गॅन चार्जर (नव्या प्रकारचा, आकाराने लहान आणि हलका), दोन पोर्टवाला, म्हणजे फोनचा वेगळा न्यायला नको. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, मग परदेशातही फक्त पिनचा ॲडॅप्टर लागतो.

प्रतिसाद २

वजनाच्या नादात १३ इंची घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात जवळचं बारीक दिसत नाही, मग माणूस मान पुढे काढून बसतो आणि खांद्याचं दुखणं मानेत जातं. १४ इंची, १६:१० (रुंदी-उंचीचं प्रमाण) स्क्रीन घ्या, ती जरा उंच असते त्यामुळे एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात. स्क्रीन मॅट हवी, खिडकीजवळ बसलं की चकचकीत स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. ब्राइटनेस ४०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) मिळाला तर उत्तम. घरी आणल्यावर डिस्प्ले स्केलिंग (स्क्रीनवरची अक्षरं मोठी करायची सेटिंग) १५० टक्के करून द्या. आणि आईंना दुकानात सोबत न्या, कीबोर्डवर दहा मिनिटं टाइप करू दे त्यांना, ते आपण त्यांच्या वतीने नाही ठरवू शकत.

प्रतिसाद ३

मॅक की विंडोज हे आईंच्या सॉफ्टवेअरवर ठरेल. हिशोबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं ते), जुना प्रिंटर यातलं काही फक्त विंडोजवर चालत असेल तर मॅकचा विषय तिथेच संपला. विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले आहेत, बॅटरी छान टिकते, पण काही ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) त्यावर चालत नाहीत, तेव्हा आधी खात्री करा. रॅम १६ जीबीच घ्या, पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आणि प्रेझेंटेशन आहे म्हणताय तर एचडीएमआय पोर्ट (प्रोजेक्टर किंवा टीव्हीची केबल लागते तो) लॅपटॉपच्या अंगावरच असलेला बरा, मीटिंग सुरू व्हायच्या वेळी डाँगल (वेगळा जोडायचा ॲडॅप्टर) शोधत बसणं फार वाईट.

प्रश्नकर्ता

खूप आभार सगळ्यांचे! आईला विचारलं, हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच आहे. म्हणजे विंडोज, १४ इंची, १६ जीबी, एचडीएमआय, टाइप करून बघायला तिलाच नेतो. एकच धाकधूक, प्रवासात हरवला किंवा चोरीला गेला तर? क्लायंटचे सगळे कागद त्यातच असतात.

प्रतिसाद ४

मग पहिल्याच दिवशी डिस्क एन्क्रिप्शन (चोराला आतल्या फायली वाचता येऊ नयेत म्हणून केलेलं कुलूप) चालू आहे का बघा. विंडोज प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असतं, होम आवृत्तीत बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन. रिकव्हरी की (कुलूप अडकलं तर उघडायचा लांब आकडा) मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह झालीय ना ते तपासा आणि एक प्रत छापून घरी ठेवा, लॅपटॉपच्याच बॅगेत नको. फिंगरप्रिंट लॉगिन असेल तर आईंना लोकांसमोर पिन टाकावा लागणार नाही. कामाचं फोल्डर क्लाउडला सिंक करून ठेवा. विमानात लॅपटॉप हँडबॅगेतच ठेवायला सांगा, पॉवरबँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही, आणि १०० वॉट-अवरच्या वरची घेऊ नका, त्यापुढे एअरलाइनची परवानगी लागते.