पाळकांना पगार द्यावा का? आमच्या मंडळीत एकमत होत नाहीये

जरीपटक्याची_खजिनदार:
जय ख्रिस्त. आमची मंडळी लहान आहे, कोणत्या डायोसिसला (बिशपच्या हाताखालच्या प्रांताला) जोडलेली नाही. नागपुरात जरीपटक्यात भाड्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना होते. आमचे पाळक पोटासाठी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात, मंडळी त्यांना फक्त पेट्रोलचे पैसे देते. महिन्याचं दान ३२,००० च्या आसपास जमतं, त्यातले ९,००० हॉलच्या भाड्यात जातात. मी कमिटीत म्हटलं, पाळकांना १५,००० पगार सुरू करू. एका ज्येष्ठ काकांनी लगेच मत्तय १०:८ काढलं: फुकट मिळालंय, फुकट द्या. पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरायचा, असंही म्हणाले.

मला हे पटत नाही. मे महिन्यात आमच्यातल्या एका आजींना मेडिकलला भरती केलं होतं. पाळक रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांच्या मुलाजवळ बसून होते. उजाडल्यावर नळावर तोंड धुतलं आणि अंगावरच्या त्याच शर्टात सातच्या बॅचला गेले. त्यांची बायको घरी शिवणकाम करते, मुलगी यंदा दहावीला आहे. काकांना काय उत्तर देऊ?

सदरवासी:
ताई, आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. पॅस्टोरेटचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, ठरलेला वाटा डायोसिसला जातो, पाळकांचा पगार तिथून होतो. त्यामुळे कुठल्या पैसेवाल्या घराची मर्जी सांभाळत उपदेश करावा लागत नाही. आपल्याकडे खरी अडचण सवयीची आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या पाठबळावर. पुढेही बराच काळ मिशनचा पैसा येत राहिला. सीएनआयची स्थापना आपल्याच शहरात झाली, २९ नोव्हेंबर १९७० ला, पण पाळक आपल्या खिशातून पोसायचा असतो हे अजून कित्येक घरांत रुजलेलं नाही.

भजनप्रेमी:
मी काकांच्या बाजूने. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. पगार घेतला की माणूस देणाऱ्याचा नोकर होतो. कमिटीने पाळकांना दटावलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, फार वाईट वाटलं होतं.

जरीपटक्याची_खजिनदार:
भाऊ, टिळकांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्यांनी पगार स्वतः सोडला, कमिटीने नाकारला नव्हता. पौलाचंही तेच. १ करिंथ ९ मध्ये तो आधी ठासून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं, प्रभूनेच तसं ठरवलंय. हा हक्क मी वापरला नाही, हे त्यानंतर येतं. आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत त्याने आनंदाने घेतली. त्याग करायचा तर तो पाळकांनी करावा. आपण त्यांच्या वतीने कसा करणार? मत्तय १० मध्येही दोन ओळी पुढे कामकऱ्याला त्याचं अन्न मिळालंच पाहिजे असं आहे, ते काकांनी वाचलंच नाही.

दटावण्याचं म्हणता ते खरं आहे, ते थांबायलाच हवं.

हिशेब_ताई:
मी अकाउंट्सचं काम करते. पगार ठरवा, लेखी ठरवा आणि बँकेतूनच द्या. पाळकांचा पगार म्हणून इन्कम टॅक्स माफ होत नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारावरही टीडीएस लागतो, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. आणि लग्नाची, बाप्तिस्म्याची, दफनाची पाकिटं बंद करा. ज्याच्याकडे पाकिटात घालायला काही नसतं, तो पाळकांना बोलवायलाच लाजतो. आमच्या वस्तीत एका बाईने बाळाचा बाप्तिस्मा याच कारणाने वर्षभर पुढे ढकलला.

सदरवासी:
पाकिटांचं अगदी बरोबर. आणि पगार दरवर्षी थोडा वाढवायचा हेही त्याच ठरावात घाला. नंतर कुणी विषय काढत नाही.

जरीपटक्याची_खजिनदार:
ठीक. १५,००० पगार, दरवर्षी वाढ, पाकिटं बंद. पाळकांच्या घराचं भाडंही मंडळीने द्यावं असं माझं मत आहे, त्यासाठी आणखी चार घरांशी बोलते. जानेवारीच्या बैठकीत हे सगळं मांडणार, काकांना आधी घरी जाऊन भेटते. हिशेब_ताई, एवढं सांगा: भाडं थेट घरमालकाला द्यावं की पगारात धरावं?