मदत हवी आहे: एबसच्या लॅटरल स्वीपमध्ये काळे पट्टे

कोथरूड_टेक
नमस्कार. आमच्या सेंटरला ऑटोमेटेड ब्रेस्ट सोनोग्राफी, म्हणजे एबस, सुरू झाली आहे. मॅमोग्राफीत डेन्सिटी सी किंवा डी, म्हणजे दाट टिश्यू, आलेल्या बायकांची करतो. प्रत्येक बाजूला एपी (समोरून), लॅटरल (बाहेरच्या बाजूने), मेडियल (आतल्या बाजूने) असे तीन स्वीप, म्हणजे यंत्र प्रोब आपोआप सरकवून घेतं ते स्कॅन. एपी स्वच्छ येतो, पण लॅटरलला वरच्या-बाहेरच्या भागात काळे पट्टे पडतात, मोठ्या ब्रेस्टमध्ये जास्तच. रिपोर्टिंगच्या मॅडम हँडहेल्डसाठी, म्हणजे हाताने प्रोब फिरवून करायच्या सोनोग्राफीसाठी, परत बोलवायला सांगतात, आणि हडपसर-उरुळीहून आलेल्या पेशंटला पुन्हा हेलपाटा पडतो. लोशन भरपूर असतं, कॉम्प्रेशन मधलं. प्रोब बिघडला असेल का?

सोनोतंत्र
प्रोबचा एलिमेंट (ध्वनिलहरी सोडणारा छोटा भाग) गेला असेल तर पट्टा प्रत्येक पेशंटला, प्रत्येक स्वीपमध्ये, प्रोबच्या त्याच जागी दिसतो. तुमचा फक्त लॅटरलला येतोय, म्हणजे कडेला हवा अडकतेय.

उताणं झोपवलं की मोठं ब्रेस्ट काखेकडे घरंगळतं. सपाट प्रोब त्या उतारावर टेकत नाही आणि फट राहते. म्हणून ज्या बाजूचा स्कॅन, त्याच बाजूच्या खांद्यापासून कमरेपर्यंत वेज (उतरती उशी) किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल द्या. हात डोक्यावर. निप्पल छताकडे बघेल इतकंच वळवा. मग हाताने बाहेरचा भाग आत सरकवून धरा, प्रोब टेकवा, दाब द्या, लॉक करा आणि शेवटी हात काढा. हात आधी काढला तर टिश्यू परत घसरतो.

लोशन थर देऊन, पण सारखं पसरवा. निप्पलभोवती आणि काखेकडच्या कडेला जरा जास्त. प्रोबवरच्या जाळीला सुरकुती असेल तर बदला, तिच्याखाली बुडबुडे राहतात. मंगळसूत्र मागे सरकवून भागत नाही, काढूनच ठेवायला सांगा.

स्वीप सुरू करण्याआधी लाइव्ह चित्राच्या दोन्ही कडा बघा. तिथे काळं असेल तर स्वीप सुरूच करू नका. मिनिटभराच्या स्वीपनंतर पट्टा सापडण्यापेक्षा आत्ता पुन्हा टेकवलेलं बरं.

वाचक_रेडिओलॉजी
वरचं सगळं बरोबर. वाचणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगते.

हवेची सावली त्वचेपासूनच सुरू होते आणि सरळ खाली जाते. कूपर लिगामेंटची (ब्रेस्टला आतून आधार देणाऱ्या तंतूंची) सावली दाब वाढवला की बहुतेकदा विरते. निप्पलमागची सावली दुसऱ्या स्वीपमध्ये तिरक्या बाजूने उघडते, म्हणून प्रत्येक स्वीपला निप्पलची खूण अचूक जागी करा. ती चुकली तर हँडहेल्ड करणारी व्यक्ती घड्याळाच्या भलत्याच काट्यावर शोधत बसेल, कारण ब्रेस्टमधली जागा निप्पलभोवतीच्या घड्याळाप्रमाणे सांगतात. श्वासाचा दोष कोरोनलमध्ये, म्हणजे त्वचेला समांतर कापलेल्या चित्रात, नियमित लाटांसारखा दिसतो. श्वास रोखायला सांगू नका, हलका घ्यायला सांगा, आणि बोलणं बंद.

जी सावली दोन स्वीपमध्ये त्याच जागी राहते, किंवा कोरोनलमध्ये जिच्याकडे आजूबाजूच्या रेषा ओढल्यासारख्या येतात, तिला आर्टिफॅक्ट, म्हणजे चित्रातला खोटा दोष, म्हणायचं नाही. ते ओढलं जाणं कॅन्सरची महत्त्वाची खूण आहे, आणि कोरोनल चित्र मिळणं हाच एबसचा खरा फायदा.

परत बोलावणं शून्यावर येणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १५,३१८ बायकांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मॅमोग्राफीला एबस जोडल्यावर दर हजारी ५.४ ऐवजी ७.३ कॅन्सर सापडले. पण परत बोलावणं दर हजारी १५० वरून २८५ झालं. हे पेशंटला आधीच सांगा. फोन आला की त्या घाबरून जातात.

कोथरूड_टेक
धन्यवाद. टॉवेल आम्ही फक्त खांद्याखाली देत होतो. फ्रोझन शोल्डरमुळे हात वर जात नसेल तर? आणि दाब सहन होत नसेल तर?

सोनोतंत्र
जाईल तेवढाच हात वर घ्या, कोपराखाली उशी द्या. बाहेरचा-वरचा भाग सुटतोय असं वाटलं तर सुपीरियर (वरच्या भागाचा) स्वीप वाढवा. दाब एक पायरी कमी चालेल, पण शीटवर तसं लिहा, म्हणजे सावल्या वाचताना मॅडमच्या लक्षात राहील.

वाचक_रेडिओलॉजी
अजून एक. हाताला गाठ लागते किंवा निप्पलमधून रक्त येतं, असं सांगणाऱ्या बाईला या स्क्रीनिंगच्या रांगेत बसवू नका. तिला त्याच दिवशी हँडहेल्ड आणि मॅमोग्राफी हवी. एबसमध्ये काख नीट येत नाही, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) मिळत नाही, आणि मायक्रोकॅल्सिफिकेशनसाठी (कॅल्शियमच्या बारीक कणांसाठी) मॅमोग्राफीला पर्याय नाही. एबस स्वच्छ आला म्हणून गाठ सोडून दिली, असं एकाही बाईच्या बाबतीत होता कामा नये.

पुढच्या पेशंटला लॅटरलच्या आधी वेज कमरेपर्यंत देऊन बघा. पट्टा तरीही त्याच कडेला राहिला तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा आणि फँटमवर (चाचणीसाठीच्या कृत्रिम नमुन्यावर) स्वीप घेऊन दाखवा.