प्रतिसाद: प्लॅटिनमच्या शिखराचं शेपूट
वर एका सदस्याने लिहिलंय की प्लॅटिनमच्या एक्सपीएस आलेखात (क्ष-किरण मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात, तो) ४एफ या आतल्या कक्षेच्या शिखराला एका बाजूने शेपूट येतं, ते यंत्राचं कॅलिब्रेशन बिघडल्यामुळे. मला हे अजिबात पटत नाही. इथे पवईच्या लॅबमध्ये आम्ही सोनं आणि प्लॅटिनम आर्गॉन आयनांनी घासून, एकाच सेटिंगवर, लागोपाठ मोजतो. सोन्याचं ८४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं शिखर जवळपास सममित येतं. प्लॅटिनमचं, ७१ च्या आसपासचं, जास्त बंधन-ऊर्जेकडे (इलेक्ट्रॉन जितक्या ऊर्जेने बांधलेला असतो, ती) स्पष्ट कललेलं. दोष यंत्राचा असता तर दोन्हीकडे दिसला असता.

क्ष-किरणाने गाभ्यातला इलेक्ट्रॉन उडवला की मागे धन प्रभाराची पोकळी उरते आणि वहन-इलेक्ट्रॉन ती झाकायला धावतात. या धावपळीत फर्मी पातळीपाशी (धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जा-पातळ्यांची वरची कड) असंख्य बारीक उत्तेजनं होतात. धातूत त्यांना किमान ऊर्जेची अटच नसते. ती ऊर्जा बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाट्यातून वजा होते, त्यामुळे तो जास्त घट्ट बांधलेला भासतो, म्हणून शेपूट. प्लॅटिनममध्ये फर्मी पातळीवर डी-अवस्थांची (डी कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पातळ्यांची) दाटी आहे, सोन्यात त्या बऱ्याच खाली आहेत. फरक तिथे आहे.

डोनियाक आणि शुंजिच या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७० साली हाच आकार सूत्रात बसवला. फिटिंगला, म्हणजे मोजलेल्या शिखरावर वक्र बसवताना, कृपया तोच वापरा. सममित वक्र लावलात तर उरलेल्या शेपटाच्या जागी नसलेला ऑक्साइड 'सापडतो'.