टिपरच्या इंजिनाला आगीचा धोका : मदत हवी आहे

सन्माननीय सदस्यहो, गोव्यातील डिचोलीत माझा खनिजवाहतुकीचा एक टिपर (मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक) आहे. डिझेलच्या नळीतून गळती होऊन तापलेल्या टर्बोचार्जरवर (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागावर) डिझेल पडल्यास इंजिन पेट घेऊ शकते, म्हणून चासी क्रमांकानुसार (गाडीच्या सांगाड्यावरील ओळख क्रमांकानुसार) गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवत असल्याचे पत्र उत्पादक कंपनीने पाठवले आहे. मात्र सुटे भाग यायला महिना लागेल, असे सर्व्हिस सेंटरवर सांगतात. (पावसाळा तोंडावर आला आहे, हे त्यांना कोण सांगणार!) मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 110 अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते, हे मी वाचले आहे. परंतु पत्र मिळाल्यानंतरही गाडी चालवली आणि ती पेटली, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते का? आणि गाडी उभी ठेवल्यास बुडालेल्या भाड्याची भरपाई कोणाकडे मागावी?